खाउड्याची चौथी पायरी

मंगळवार

बॅगा घेऊन बाहेर आलो तर पुतण्या समोरच उभा. भर गर्दीत पाया पडला आणि उठता उठता म्हणाला, "काका, समुद्र आत्ता आपल्यापेक्षा तीन मीटर वर आहे बरं का."

मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली. त्यातली अकरा रायगडातल्या खारभूमीच्या बांधांवर, भरतीची वेळ पाहून उघाड्यांची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोऱ्यांची, दारं तपासण्यात गेली. आमचं घरही पेणच्या खारभागातलं. बांधापलीकडे खाडी उंच आणि अलीकडे भात खाली, हे जन्मापासून पाहिलेलं, त्यामुळे मला फार अप्रूप वाटलं नाही. हिनं मात्र हातातली पिशवी घट्ट धरली आणि वर बघितलं. वर आम्स्टरडॅमच्या शिफोल विमानतळाचं छत होतं.

हा विमानतळ एका सरोवराच्या तळावर आहे. त्याचं नाव हार्लेमरमेर. हे सरोवर मुळात एवढं मोठं नव्हतं. काठची जमीन होती पीटची. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात बुडून न कुजता साठलेली लव्हाळी, बोरू, शेवाळ, झाडांची मुळं. कापून वाळवलं की जळतं. हॉलंडच्या चुली आणि भट्ट्या कित्येक शतकं याच्यावर चालल्या. लोकांनी जळणासाठी काठ उकरला, उरलेला लाटांनी खाल्ला आणि पाणी पसरत गेलं. लोक त्याला 'पाणलांडगा' म्हणायचे. १८३६ च्या नोव्हेंबरात वादळानं ते पाणी आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत ढकललं, डिसेंबरात दुसऱ्या वादळानं लायडनच्या बाजूला. मग मात्र सरकारनं मनावर घेतलं. वाफेच्या तीन पंपांनी १८४९ ते १८५२ अशी तीन वर्षं उपसा करून सरोवर कोरडं केलं.

वाटेत आम्स्टेलवेनला पुतण्याच्या मित्राकडे कांदेपोहे झाले. या गावात इतके भारतीय आहेत की खालच्या दुकानात कढीपत्ता मिळतो. गावाच्या नावात आम्स्टेल ही नदी, आणि 'वेन' म्हणजे पीट. मी हे सांगितल्यावर यजमान दोन घास थांबले. "सात वर्षं पत्ता लिहितोय," म्हणाले, "कधी विचारच केला नाही."

पुढे गाडीतून जाताना ही एकदम ओरडली, "अहो, होडी!" रस्त्याच्या कडेला बांध होता आणि बांधावरून शिडाची होडी चालली होती, आमच्या गाडीच्या टपाच्याही वरून. कालवा वर, रस्ता खाली, शेत त्याहून खाली. गवताच्या लांबच लांब पट्ट्या, दोन पट्ट्यांत एक चर, चरांत काठोकाठ पाणी, आणि गाई. सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट. मुक्काम गाउड्याला. चीजमुळे आपण ज्याला गौडा म्हणतो ते हे गाव. इथले लोक 'खाउडा' म्हणतात, तेही घशातून. हिनं दोनदा प्रयत्न केला आणि पुतण्यानं पाणी आणून दिलं.

बुधवार

मला इथे बोलावण्यामागे प्रेम होतंच, पण कामही होतं, हे सकाळच्या चहाला कळलं. पुतण्या घर घ्यायच्या विचारात आहे. १९३० च्या सुमाराचं, विटांचं, दुमजली, मागे बाग. "तुम्ही एकदा बघून घ्या," सूनबाई म्हणाली. "इथले लोक भिंतीपेक्षा जमिनीबद्दलच जास्त बोलतात. आम्हाला काही कळत नाही."

घर देखणं होतं. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, ताठ, इंग्रजी स्वच्छ. दाराशी तीन पायऱ्या. मी पायऱ्यांकडे पाहत राहिलो, कारण रांगेतल्या एकाही घराच्या पायऱ्या एकमेकांशी जुळत नव्हत्या. कुणाला दोन, कुणाला तीन, आणि दोन घरं तर सरळ रस्त्याच्या पातळीला. बाईंनी माझी नजर ओळखली. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा एकच पायरी होती. घर लाकडी खांबांवर उभं आहे, ते खांब पीटमधून आरपार जाऊन खालच्या वाळूत रुतलेत, म्हणून घर जागचं हललेलं नाही. रस्ता खाली गेला. दर काही वर्षांनी एक पायरी वाढवायची. मग कधीतरी नगरपालिका येते, वाळू टाकून रस्ता उचलते, तेव्हा पायऱ्या काढून ठेवायच्या. रस्ता पुन्हा बसायला लागतो, वरच्या वाळूच्या भारानं आणखीच जोरात. आता जिथे जमेल तिथे वाळूऐवजी ज्वालामुखीचा हलका दगड नाहीतर थर्मोकोलसारखे ठोकळे घालतात म्हणे. मागच्या शेडमध्ये बाईंनी चौथ्या पायरीच्या विटा नीट रचून, वर गोणपाट टाकून ठेवल्या होत्या.

"आणि ती दोन घरं, रस्त्याला लागून असलेली?" मी विचारलं.

"ती रस्त्याबरोबरच जातात," बाई म्हणाल्या. "त्यांना खांब नाहीत."

स्वयंपाकघर नंतर वाढवलेलं, असा मला संशय आला. लेव्हल नळी कुठून आणणार? हिच्या पर्समध्ये गोळ्या घेण्यासाठी स्टीलचा पेला असतो, तो मागून घेतला, काठापासून दोन बोटं खाली येईल एवढं पाणी भरलं आणि ओट्यावर ठेवला. पाणी डावीकडे वर, उजवीकडे खाली. पट्टीनं मोजलं तर सात सेंटीमीटर रुंदीच्या पेल्यात तीन मिलिमीटरचा फरक. म्हणजे मीटरला चार सेंटीमीटरहून जास्त. समोरच्या खोलीत तोच पेला ठेवला, पाणी सरळ. जुनं घर खांबांवर, नवं स्वयंपाकघर नुसतं मातीवर, आणि दोन्हींच्या सांध्यात भिंतीला बोट जाईल एवढी भेग. बाईंनी तिच्यावर कॅलेंडर लावलं होतं.

खांबांचं म्हणाल तर लाकूड पाण्यात बुडालेलं आहे तोवर शतकानुशतकं टिकतं. आम्स्टरडॅमचा राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर सतराव्या शतकापासून उभा आहे. पण भूजल खाली गेलं आणि खांबाच्या डोक्याला हवा लागली की बुरशी कामाला लागते. म्हणजे पाणी वर ठेवलं तर तळघरं ओली, खाली नेलं तर खांब कुजणार, वर माती खचणार ती वेगळीच. अशा गावात इंजिनियर व्हायला नको रे बाबा, असं मनात आलं.

गुरुवार

उन्हाळ्यात दर गुरुवारी सकाळी इथल्या चौकात चीजचा बाजार भरतो. आता तो बराचसा पाहुण्यांसाठी असतो, हे उघड दिसतं. निळे सदरे, लाकडी जोडे, पिवळ्या चाकांच्या राशी, आणि राशींपेक्षा जास्त मोबाईल. पण सौदा पाहण्यासारखा. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या तळहातावर टाळी मारत भाव बोलतात, आणि शेवटची टाळी पडली की व्यवहार पक्का. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. इथे उघड्यावर. तेवढ्यावरून दोन समाजांची तुलना करायचा मोह झाला, पण ही म्हणाली, "गप चीज खा."

खाल्लं. आणि खाता खाता पुतण्यानं जे सांगितलं त्यानं माझं चीजकडे पाहणंच बदललं.

हजार वर्षांपूर्वी इथे नुसती पीटची दलदल होती, आणि ती खाली नव्हती तर वर होती. नदीच्या पात्राहून उंच फुगलेली, ओल्या स्पंजासारखी. उट्रेख्तच्या बिशपानं आणि हॉलंडच्या सरदारानं ती करारानं कुळांना वाटून दिली. प्रत्येकाला साधारण सव्वा किलोमीटर लांब आणि ११० मीटर रुंद पट्टी. चर खणा, पाणी नदीत सोडा, धान्य पिकवा, दशमांश द्या. त्या कराराला 'कोप' म्हणत; इथल्या बोस्कोप, निऊकोप अशा गावांच्या नावांत तो अजून आहे. परवा गाडीतून दिसलेल्या पट्ट्या त्याच.

चर खणले, पाणी उतरलं, गहू आणि राय नावाचं धान्य आलं. पण पाणी गेल्यावर स्पंज आक्रसला. शिवाय हवा आत शिरली, आणि हजारो वर्षं पाण्यात दम धरून पडलेला पाला कुजू लागला. जमीन बसली. मग चर आणखी खोल. जमीन आणखी बसली. शे-दोनशे वर्षांत ती नदीच्या पातळीला आली, पाणी आपोआप वाहून जाईना. धान्याला ओल सोसेना, गवताला सोसते. म्हणून शेतकरी गाईंकडे वळला. दूध टिकत नाही, चीज टिकतं. पुढे पंधराव्या शतकापासून पाणी उपसायला पवनचक्क्या आल्या.

म्हणजे जमीन खचली म्हणून चीज. शाळेत आम्हाला 'हॉलंडची हवा गवताला पोषक, म्हणून दुग्धव्यवसाय' एवढंच शिकवलं होतं. त्यात खोटं काही नाही, पण अर्धी गोष्ट गाळलेली.

शुक्रवार

आजचा दिवस खरा. पुतण्याच्या ऑफिसातल्या एकाचा भाऊ वूर्डनजवळ झेखवेल्ड भागात दुधाचा धंदा करतो. पन्नास हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर, आणि ऐंशीच्या आसपास गाई. याच झेखवेल्डला पीटवरच्या शेतीचं प्रायोगिक केंद्र आहे. जमीन वर्षाला किती खचते याच्या नोंदी तिथे अनेक दशकं ठेवल्या जातायत.

शेतकरी दोन माणसांएवढा उंच, हात माझ्या दुप्पट. गमबूट दिले, पण माझ्या मापाचे नव्हते. गोठ्यामागच्या पट्टीत उतरलो आणि चालायला लागल्यावर पहिली गोष्ट जाणवली, ती जमिनीची. ती दबते आणि परत उठते. तो माझ्यापासून चार पावलांवर टाचेवर जोरात उतरला तर मला पायाखाली हलल्याचं कळलं. गादीवर कुणी शेजारी बसावं तसं.

त्यानं फावड्यानं चौकोन कापला. वरची वीतभर माती काळी, भुसभुशीत, चुरा होणारी. तिच्याखाली रंग बदलला: तांबूस तपकिरी, ओली, तंतूतंतूंची. मी मूठभर काढून पिळली. बोटांतून चहासारखं पाणी गळलं आणि हातात उरला बोरूच्या पेरांचा, मुळांचा गुंता. एक पान तर अखंड होतं, शिरा मोजता येतील असं. वास कुजका नाही, थंड, ओल्या कौलांसारखा. हे पान पडलं तेव्हा शिवाजी महाराज सोडाच, सातवाहनही जन्मायचे होते. "आता बघत राहा," शेतकरी म्हणाला. हवा लागल्यावर त्या तपकिरी गोळ्याचा रंग माझ्या तळहातावर काळवंडत गेला. चिरलेलं सफरचंद काळं पडतं तसा.

जे हातात मिनिटभरात दिसलं, तेच खाली वर्षभर चाललेलं असतं. पाणी खाली गेलं की वर हवा शिरते, हवेबरोबर जिवाणू जागे होतात आणि पाला खातात. त्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड निघतो. पीट साठतं वर्षाला साधारण एक मिलिमीटर. चर खोल असतील तर जातं वर्षाला एक सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे दहा वर्षांचा साठा एका वर्षात. बसण्याचा काही भाग नुसतं आक्रसण्याचा आणि दबण्याचा असतो, पण मोठा भाग अक्षरशः हवेत गेलेला.

इथल्या शास्त्रज्ञांचं एक ढोबळ सूत्र आहे. एक हेक्टर पीट एक मिलिमीटर खचलं तर सुमारे २.२६ टन कार्बन डायऑक्साइड. मी तिथेच गोठ्याच्या फळीवर पेन्सिलीनं गणित मांडलं. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी पेट्रोल गाडी वर्षात पंधरा हजार किलोमीटर पळवली तर हजार लिटर, म्हणजे २.३ टन. जवळजवळ तेवढंच! एक हेक्टर, एक मिलिमीटर, एक मोटार. सेंटीमीटर खचलं तर हेक्टरी दहा मोटारी. याच्या पन्नास हेक्टरवर पाचशे मोटारी वर्षभर उभ्या-उभ्या धूर सोडतायत, आणि धूर दिसत नाही, आवाज नाही, वर गाई चरतायत. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०१३ मध्ये पाणथळ जमिनींच्या हिशेबासाठी जे आकडे दिले, त्यातही समशीतोष्ण प्रदेशातल्या खोल चरांच्या कुरणासाठी हेक्टरी ६.१ टन कार्बन आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये मांडलं तर २२ टनांच्या वर. दोन वेगळ्या वाटांनी निघून दोघं एकाच ठिकाणी पोचले, हे पाहून माझ्यातला जुना इंजिनियर सुखावला.

शेतकरी सुखावला नाही. त्यानं फळीवरचं गणित वाचलं आणि म्हणाला (पुतण्यानं मराठी केलं), "मी गाईंचा मालक आहे, मोटारींचा नाही." मग जरा नरमून, "माझ्या आजोबांना सांगितलं होतं, पाणी खाली न्या, देशाला दूध हवंय. मला सांगतात, पाणी वर आणा."

पाणी वर आणायला त्याचा विरोध नाही, पण किती, यावर घोडं अडतं. चरातलं पाणी जमिनीखाली साठ सेंटीमीटर असेल तर ट्रॅक्टर चालतो. वीस असेल तर वसंतात चाकं रुततात, गाईंच्या खुरांनी गवताचा चिखल होतो, आणि आठवडे वाया जातात. मधला मार्ग म्हणून त्यानं काही पट्ट्यांत चराच्या पाण्याखाली छिद्रांचे पाइप घातलेत. आपण पाइप घालतो निचऱ्यासाठी. हे उन्हाळ्यात उलटे चालतात, चरातलं पाणी शेताच्या पोटात नेतात. कारण उन्हाळ्यात काठाशी ओल असली तरी पट्टीच्या मध्यभागी गवत पाणी ओढून घेतं आणि तिथेच पीट जास्त जळतं. मला हे फार आवडलं. यानं कार्बन किती वाचतो हे मात्र शेतागणिक बदलतं, कुठे चांगला, कुठे जेमतेम, असं मोजमाप सांगतं.

मोजमाप कसं, तेही पाहिलं. शेजारच्या प्रयोगाच्या शेतात पारदर्शक घुमटासारखी झाकणं गवतावर बसतात, बंद होतात, आतली हवा यंत्रात जाते, पुन्हा उघडतात. दिवसरात्र. पलीकडे एक मनोरा वाऱ्यातला वायू सेकंदाला कित्येकदा टिपतो. २०१९ नंतर देशभरच्या पीट कुरणांत हे जाळं उभं राहिलं. आणि मोजायचं एकच नाही. पीट कुजताना त्यातला नायट्रोजन मोकळा होतो आणि नायट्रस ऑक्साइड निघतो. तो टनामागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. चरांच्या साचलेल्या पाण्यातून मिथेन. पाणी अगदी जमिनीला भिडवलं तर मिथेन वाढतो, म्हणून तिथेही तारतम्य. 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत २०२१ साली आलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की खोल चरांच्या पीटवर पाणी दर दहा सेंटीमीटर वर आणलं की वर्षाला हेक्टरी किमान तीन टनांची बचत होते, पाणी जमिनीखाली साधारण तीस सेंटीमीटरवर येईपर्यंत.

हिशेबाची गंमत वेगळीच. एका देशाच्या वार्षिक अहवालात याच शेतातला नायट्रस ऑक्साइड 'शेती' या सदरात पडतो आणि कार्बन डायऑक्साइड 'जमीनवापर' या सदरात. माती एक, चर एक, लेखाशीर्षं दोन. शेतीचं उत्सर्जन किती, असं विचारलं तर उत्तरात मोठा वाटा आपोआप बाहेर राहतो. सरकारी खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे बांधाची माती एका शीर्षाखाली आणि उघाडीची दारं दुसऱ्या. दारं मंजूर व्हायच्या आत मातीला खांड गेलेली असायची.

निघताना पट्टीच्या टोकाला त्यानं थोडंसं लावलेलं पाणकणीस दाखवलं. पाण्यात वाढतं, कापून भिंतीत उष्णता अडवायला वापरतात. "याला गिऱ्हाईक कुठंय?" तो म्हणाला. "चीजला आहे." इतक्यात गवतातून लांब चोचीचा, तांबूस मानेचा पक्षी ओरडत उठला. गॉडविट, इथे त्याला ग्रुटो म्हणतात, आणि तो यांचा राष्ट्रीय पक्षी. हीच जात हिवाळ्यात आपल्या उरणच्या पाणथळीत आणि उजनीवर दिसते. इथले मात्र हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात. त्याला चोच खुपसायला ओली, मऊ जमीन लागते. शेतकऱ्यानं त्याचं घरटं असलेला तुकडा कापणीतून वगळला होता, चार काठ्या रोवून. त्याबद्दल तो काहीच बोलला नाही, मीच विचारलं.

माझा उजवा गमबूट चराच्या काठाशी रुतला आणि पाय मोज्यानिशी बाहेर आला. बूट शेतकऱ्यानं एका हातानं उपटून दिला.

शनिवार

किंडरडाइक. पाऊस, वारा, १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या आसपासच्या. १९९७ पासून जागतिक वारसा. एका चक्कीच्या आत शिरलो, खाट एवढी आखूड की हिला शंका आली माणसं बसून झोपत असावीत. छत्री उलटी झाली. परत आलो. वाऱ्यानंतर वाफ, वाफेनंतर डिझेल, आता वीज. प्रत्येक नवा पंप पाणी आणखी खालून उचलू शकला, आणि जमीन त्याच्या मागोमाग गेली. हे चक्कीवाल्या मार्गदर्शकानं सांगितलं नाही. तिकिटात नव्हतं.

रविवार

गाउड्यापासून जवळच, न्यूवेरकेर्क गावाबाहेर महामार्गालगत एक निळसर खांब आहे. तिथे जमीन समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली. देशातली सर्वांत खोल जागा म्हणून पाटी. ही जागाही अशीच: पीट जळणासाठी उकरलं, तळं झालं, एकोणिसाव्या शतकात तळं उपसून शेती केली. झाउडप्लासपोल्डर नावाच्या याच उपसलेल्या जमिनीत आता आठ हजार घरांचं नवं गाव वसवायचं चाललंय. "काका, तिकडे घर घेऊ का?" पुतण्यानं गंमत केली. निदान मला वाटलं गंमत.

संध्याकाळी त्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढला. २०२३ च्या मार्चमधल्या पाणीमंडळाच्या निवडणुकीतल्या उमेदवारांची यादी. नागरिकत्व नसलं तरी इथे कायदेशीर राहणाऱ्याला या निवडणुकीत मत असतं. देशात अशी २१ मंडळं, त्यातली काहींची परंपरा तेराव्या शतकापर्यंत जाते. त्यांच्या मुख्य कामांतलं एक म्हणजे चरातलं पाणी किती सेंटीमीटरवर ठेवायचं हे ठरवणं. आतापर्यंतचा शिरस्ता असा, की जमीन खचली की पाणीही तेवढंच उतरवायचं, म्हणजे शेतकऱ्याला कोरडेपणा तेवढाच राहतो. म्हणजे खचण्याला दर वेळी सरकारी मंजुरी. २०१९ च्या हवामान करारात पीट कुरणांमधून २०३० पर्यंत वर्षाला दहा लाख टन उत्सर्जन कमी करायचं ठरलं. २०२२ च्या अखेरीस सरकारनं संसदेला लिहिलं, की यापुढे जमीन कशी वापरायची हे पाणी आणि माती ठरवतील, आणि या भागात भूजल जमिनीखाली २० ते ४० सेंटीमीटरवर आणायचं. चार महिन्यांत निवडणूक आली आणि शेतकऱ्यांच्या पक्षानं प्रांतोप्रांती मुसंडी मारली.

"तू मत कुणाला दिलंस?" मी विचारलं.

"पाणी वर आणणाऱ्यांना. पण तेव्हा तळघर असलेलं घर बघितलं नव्हतं."

आमच्या खारभागात वडील सांगायचे, गावकीत दुसऱ्या कशावरून नाही पण उघाडी कधी उघडायची यावरून डोकी फुटतात. आमची माती चिकण, ती पीटसारखी विरून जात नाही, ही आमची पुण्याई. भांडण मात्र तेच, फक्त यांनी त्याला मतपेटी दिली.

सोमवार

दुपारचं विमान. सकाळी सूनबाईनं थेट विचारलं, "काका, घर घ्यायचं की नाही?"

मी म्हटलं, समोरचा खड्डा खणून खांबाची डोकी तपासून घ्या. लाकडात सुई किती शिरते ते बघणारी माणसं इथे असतात. डोकी ओली आणि टणक असतील तर पुढचं घर चांगलं. स्वयंपाकघर पाडायचं धरून किंमत बोला. पाण्याच्या आणि गॅसच्या नळ्या भिंतीतून शिरतात तिथे सांधा लवचीक आहे का बघा, कारण नळी रस्त्याबरोबर खाली जाते आणि घर जात नाही. आणि चौथ्या पायरीच्या विटा बाईंकडून मागून घ्या.

"विटा कशाला?" ही म्हणाली.

शिफोलला सुरक्षा तपासणीच्या रांगेत हिनं गोळ्या काढल्या आणि पर्स उलटीपालटी केली. पेला नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पाण्यासकट राहिला होता. त्यावर 'मामाकडून' असं कोरलेलं, हिच्या लग्नातला. मुंबई येईपर्यंत हिनं माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं.

गणपतीच्या सुमारास पुतण्याचा फोटो आला. खांबांची डोकी चांगली निघाली होती, घर घेतलं होतं, स्वयंपाकघर पाडलं होतं. दाराशी चार पायऱ्या. सगळ्यांत खालची नवी, सिमेंट अजून ओलं दिसत होतं, त्यानं स्वतः बसवलेली. तिच्यावर पेला ठेवला होता, त्यात पाणी, आणि पाणी सरळ. खाली लिहिलं होतं, "काका, बरोबर आहे ना?"

मी चष्मा काढून फोटो मोठा करून बघत होतो. हिनं फोन हातातून घेतला, 'मामाकडून' दिसतंय का ते बघितलं आणि म्हणाली, "विचारा त्याला, दिवाळीला येणार असेल तर घेऊन ये म्हणावं."